लिंगाला इजा झाली तर : शस्त्रक्रियेला भिऊ नका, उशिराला भ्या

हात मोडला की वर्धा जिल्ह्यातला कोणीही माणूस तासा-दोन तासांत दवाखान्यात पोचतो. लिंगाला मार बसला की तोच माणूस आधी रात्र काढतो, मग हळद लावून पाहतो, मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. सूज अंडकोषापर्यंत उतरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो डॉक्टरांपुढे येतो, तेही ‘बाथरूममध्ये घसरलो’ असे सांगत. या उशिरामागे लाज असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लाजेपेक्षा घातक अशी एक समजूत तिच्या आडून काम करत असते : तिथे सुरी लागली की उरलीसुरली ताकदही जाईल. ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. लिंगाच्या गंभीर इजेत लैंगिक क्षमता बहुधा शस्त्रक्रियेमुळे जात नाही. ती जाते शस्त्रक्रिया टाळल्याने, आणि काही इजांमध्ये ती करायला झालेल्या उशिराने.

हे समजण्यासाठी थोडी शरीररचना पाहायला हवी. लिंगात हाड नसते, तरी ‘फ्रॅक्चर’ हा शब्द डॉक्टर वापरतात आणि तो थट्टेचा नाही. लिंगाच्या आत स्पंजासारख्या ऊतींचे दोन लांबट स्तंभ असतात. त्यांत रक्त भरून अडकून राहिले की ताठरता येते. प्रत्येक स्तंभावर पांढरट, चिवट आवरण असते. सायकलच्या ट्यूबवर टायर असतो तसे ते आतला दाब धरून ठेवते. लिंग शिथिल असताना हे आवरण सुमारे दोन मिलिमीटर जाड असते; ताठर झाल्यावर ताणले जाऊन ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ होते. अशा वेळी लिंग जोरात वाकले तर आवरण फाटते. समागमात लिंग बाहेर निसटून जोडीदाराच्या ओटीपोटाखालच्या हाडावर आदळणे, हस्तमैथुनात ते जोराने मुरडणे, झोपेत ताठर लिंगावर कूस वळणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. इराणमधल्या करमानशाह भागात बोटे मोडावीत तसे ताठर लिंग वाकवून ‘कट’ असा आवाज काढण्याची सवय आहे. तिथे अशा रुग्णांची संख्या इतकी मोठी झाली की जगातला या विषयावरचा एक दीर्घ अभ्यास त्याच शहरातून आला.

फ्रॅक्चरची लक्षणे सहसा इतकी ठळक असतात की घरच्या घरी संशय यावा. काहीतरी तुटल्यासारखा आवाज किंवा जाणीव, लगेच तीव्र कळ, क्षणात ताठरता उतरणे, आणि मग झपाट्याने वाढणारी काळीनिळी सूज. लिंग वांग्यासारखे जांभळे होऊन एका बाजूला झुकते. लघवीच्या तोंडाशी रक्त दिसले, लघवी लाल आली किंवा उतरतच नसेल, तर मूत्रमार्गही फाटला असल्याची शक्यता असते. मात्र प्रत्येक निळी सूज म्हणजे फ्रॅक्चर नव्हे. कातडीखालची एखादी शीर फुटली तरी सूज येते, पण त्यात ताठरता अचानक उतरत नाही, आणि असे रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होऊ शकतात. हा फरक आरशापुढे उभे राहून ठरत नाही. तो ठरतो तपासणीने, आणि शंका उरली तर सोनोग्राफी किंवा एमआरआयने. ‘सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही’ हे खरे आहे. पण आपण त्या ‘सगळ्यां’पैकी कोण, हे सांगायला डॉक्टरच लागतो.

आता पुराव्याकडे वळू. एके काळी फ्रॅक्चरवर बर्फ, पट्टी, वेदनाशामके आणि विश्रांती हाच उपचार होता. सूज ओसरायची, रुग्ण घरी जायचा, आणि काही महिन्यांनी तक्रारी सुरू व्हायच्या : लिंग वाकडे होते, ताठरता येताना दुखते, येते पण टिकत नाही. कारण फाटलेले आवरण आपोआप जुळताना तिथे जाड, न ताणणारा व्रण तयार होतो; साचलेले रक्त गाठ होऊन बसते, आणि दाब धरून ठेवण्याची यंत्रणा गळकी राहते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ५८ अभ्यास आणि तीन हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ताठरतेचा दोष, वाकडेपणा आणि वेदना हे तिन्ही त्रास नुसत्या गोळ्या-पट्ट्यांवर ठेवलेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळले. करमानशाहमध्ये अठरा वर्षे चाललेल्या ३५२ रुग्णांच्या पाठपुराव्यातही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांचे लैंगिक जीवन शाबूत राहिले. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रॅक्चरचे निदान होताच तातडीने शस्त्रक्रिया करा असे सांगितले आहे, ते अशाच पुराव्यावरून.

यावर चिकित्सक वाचक आक्षेप घेईल की हे अभ्यास चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेले नाहीत, मग त्यांवर किती विसंबायचे? आक्षेप रास्त आहे. अशा इजेत अर्ध्या रुग्णांना मुद्दाम शस्त्रक्रियेवाचून ठेवणे नैतिक ठरणार नाही, म्हणून तसा प्रयोग होणेही कठीण. पण वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या सर्जनांचे निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवत असतील आणि शरीररचनाही तेच सांगत असेल, तर त्याविरुद्ध केवळ भीतीवर पैज लावणे शहाणपणाचे नाही. दुसरा आक्षेप उलट टोकाचा असतो : ‘आता चार दिवस झाले, गेली वेळ, जाऊन काय उपयोग?’ हेही चूक. लवकर शस्त्रक्रिया झाल्यास एकूण गुंतागुंत कमी होते हे खरे, पण काही दिवस उशिरा केलेल्या दुरुस्तीचेही चांगले निकाल नोंदलेले आहेत. उशीर झाला असेल तर तो आणखी वाढवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

शस्त्रक्रिया नेमकी कशी असते हे कळले की तिची धास्ती निम्मी होते. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन ती होते. लिंगाच्या टोकामागे, सुंता करतात त्या जागी, गोल छेद घेऊन कातडी बाहीसारखी मुळाकडे सरकवतात. साचलेले रक्त धुऊन काढले की चीर दिसते. ती बहुतेक वेळा आडवी, एक-दोन सेंटिमीटरची आणि एकाच स्तंभावर असते. विरघळणाऱ्या धाग्याने ती शिवतात, मूत्रमार्ग फाटला असेल तर आत नळी ठेवून तोही त्याच वेळी शिवतात, आणि कातडी परत जागेवर आणतात. संवेदनेच्या मुख्य नसा लिंगाच्या वरच्या बाजूने जातात, त्या सर्जन डोळ्यांसमोर ठेवून वाचवतो. साधी चीर असेल तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. मूत्रमार्ग शिवला असेल तर नळी दोन-तीन आठवडे राहते. यात ताकद काढून घेतली जाईल असे एकही पाऊल नाही. फुटलेले आवरण जोडणे, एवढेच काम.

आपल्या जिल्ह्यात फ्रॅक्चरपेक्षा वेगळ्या इजाही होतात, आणि त्यांची गणिते वेगळी आहेत. धोतर, लुंगी किंवा सैल पायजमा थ्रेशरच्या पट्ट्यात, ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात किंवा जिनिंगच्या मशीनमध्ये अडकला तर लिंगाची आणि अंडकोषाची कातडी सोलून निघते. दृश्य भयंकर असते, पण आतले स्तंभ अनेकदा शाबूत असतात; म्हणजे ताठरतेची यंत्रणा जागेवर असते, फक्त वेष्टण गेलेले असते. अशा वेळी प्लास्टिक सर्जन मांडीची पातळ कातडी घेऊन लिंगाभोवती गुंडाळून शिवतात. टोकाजवळ कातडीची थोडी कड उरली असेल तर तीही काढून टाकतात. रुग्णाला हे अन्यायाचे वाटते, पण तिच्यातल्या लसीकावाहिन्या तुटलेल्या असल्याने ती ठेवली तर नंतर कायम सुजत राहते. लहान मुलांत पँटची चेन अडकते. तिथे ओढाताण न करता कटरने चेनच्या रनरचा मधला दांडा कापला की दोन्ही पत्रे सुटे होतात आणि कातडी मोकळी होते. अंगठी, नट किंवा दोरा अडकून लिंग सुजले असेल तर तेलाचे प्रयोग तासन्‌तास करू नका. रक्त थांबलेला भाग सडू लागतो.

वाहन उलटून किंवा अंगावर येऊन कमरेखालचे हाड मोडले तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. या अपघातात मूत्रमार्ग खोलवर तुटू शकतो आणि ताठरतेच्या नसा व रक्तवाहिन्या हाडाच्या तुकड्यांनीच दुखावतात. लघवीच्या तोंडाशी रक्त असताना कोणी आंधळेपणाने नळी सारण्याचा प्रयत्न केला तर अर्धवट तुटलेला मार्ग पूर्ण तुटू शकतो. म्हणून पोटावर, बेंबीखाली छोटे छिद्र पाडून मूत्राशयात नळी ठेवतात, आणि मूत्रमार्गाची मोठी दुरुस्ती साधारण तीन महिन्यांनी करतात. ‘तीन महिने नुसती नळी घालून बसवले’ अशी तक्रार नातेवाईक करतात. पण सूज आणि रक्त शोषले जाऊन ऊती मऊ झाल्याशिवाय जोड टिकत नाही. या शाखेत महाराष्ट्र मागे नाही. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांची गालाच्या आतली त्वचा वापरून मूत्रमार्ग बांधण्याची पद्धत त्यांच्याच नावाने जगभर शिकवली जाते. या अपघातानंतर ताठरता गेली तर तिचे कारण शस्त्रक्रियेच्या माथी मारण्याआधी अपघाताच्या दिवशी काय मोडले होते ते पाहावे. नसांची सूज ओसरून क्षमता दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू परतताना दिसते, त्यामुळे सहाव्या महिन्यात निकाल जाहीर करू नये.

लिंग पूर्ण कापले गेले, मग ते हल्ल्यात असो, मानसिक आजाराच्या झटक्यात असो की यंत्रात, तर घड्याळ सर्वांत कठोर होते. १९७० च्या दशकात थायलंडमध्ये अशा घटनांची लाट आली आणि तिथल्या सर्जनांनी तुटलेले लिंग परत जोडण्याचा अनुभव जगापुढे ठेवला. आज सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या आणि नसा जोडून संवेदना व ताठरता दोन्ही परत मिळवता येतात. जोडणी होते का, हे पुष्कळदा पहिल्या अर्ध्या तासात घरच्यांनी काय केले यावर ठरते. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट भागाला लागता कामा नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, आणि रुग्ण व पिशवी एकत्रच न्या. थंड ठेवलेला भाग उबदार राहिलेल्या भागापेक्षा कितीतरी तास जास्त टिकतो. पहिले यशस्वी लिंगप्रत्यारोपण २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत झाले, पण ती अपवादात्मक गोष्ट आहे. आपला भरवसा स्वतःच्याच भागावर असावा.

कुठे जायचे, हा पुढचा प्रश्न. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वर्धा शहराला लागून आहेत. देवळी, सेलू, हिंगणघाट, आर्वीकडच्या रुग्णांना फ्रॅक्चरच्या दुरुस्तीसाठी जिल्ह्याबाहेर पडण्याची गरज सहसा पडू नये. कारंजा (घाडगे), तळेगाव किंवा जाम भागातून हमरस्ता थेट नागपूरला जातो, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहे. तुटलेला भाग जोडायचा असेल तर मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन आज हजर आहे का हे फोनवर विचारूनच गाडी वळवा. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही आपली म्हण उगाच पडलेली नाही : गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जायला संकोच वाटतो. मग जाऊच नका त्याच्याकडे. मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आपल्याला कोणी ओळखत नाही, आणि डॉक्टर-परिचारिकांना हा रोजच्या कामाचाच भाग आहे. खिडकीवर ‘युरोसर्जनला दाखवायचं आहे, लघवीच्या जागी मार लागला’ एवढे पुरे. डॉक्टरांना मात्र खरे कारण सांगा, कारण ताठर असताना मार लागला की शिथिल असताना, यावर निदान फिरते.

पोलिसांची आणि पैशाची भीतीही पावले अडवते. समागमात झालेली इजा हा गुन्हा नाही. हल्ला किंवा अपघात असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवते, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. आधी जीव, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणातच स्पष्ट केले आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर व्यावसायिक नियमांनीच बंधनकारक आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार घेऊनच निघा, आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे दाखल होतानाच विचारा.

टाके निघाले म्हणजे काम संपले असे समजू नका. क्षमता परत येण्याचा दुसरा टप्पा तिथून सुरू होतो. फ्रॅक्चरच्या दुरुस्तीनंतर साधारण सहा आठवडे समागम आणि हस्तमैथुन दोन्ही बंद. मधल्या काळात पहाटे आपोआप ताठरता आली आणि थोडी दुखली तर घाबरू नका. रक्तपुरवठा आणि नसा शाबूत असल्याची ती खूण आहे. उठून लघवीला जाऊन या. शिवलेल्या जागी छोटी गाठ हाताला लागेल, टोकाशी काही महिने बधिरपणा राहील. हे सहसा निरुपद्रवी असते. खर्रा आणि बिडी मात्र सोडाच. निकोटीन नेमक्या त्याच बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते ज्यांच्यावर जखम भरणे आणि ताठरता दोन्ही अवलंबून आहेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्या आणि सुरुवात हळुवार करा. ज्या स्थितीत इजा झाली ती काही दिवस टाळा. आणि शुक्राणू वृषणांत तयार होतात, लिंगात नाही. त्यामुळे मूल होण्याची क्षमता या इजेने सहसा जात नाही.

तरीही काहींना ताठरता येत नाही. इथे एक खूण लक्षात ठेवा : पहाटे येते पण पत्नीजवळ असताना येत नाही, तर दोष बहुधा व्रणाचा नसून धसक्याचा असतो, आणि त्यावर समुपदेशनाने उतार पडतो. पहाटेही येत नसेल तर रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी करून उपचाराच्या पायऱ्या चढतात : आधी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलच्या गोळ्या, मग निर्वात पंप, मग लिंगात द्यायचे इंजेक्शन. हृदयविकारासाठी नायट्रेटची, जिभेखाली ठेवायची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल जिवावर बेतते, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. शेवटची पायरी लिंगात बसवायचे कृत्रिम रोपण. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी विकसित केलेले भारतीय सिलिकॉन रोपण परदेशी फुगवत्या रोपणांच्या मानाने फारच स्वस्त पडते. मात्र रोपणानंतर नैसर्गिक ताठरता परतत नाही, म्हणून त्याची घाई नको. आणि रस्त्याकडेच्या तंबूतल्या ‘खानदानी’ दवाखान्यांची तर मुळीच नको. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करून औषधांची जाहिरात करणे १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. जिथे भिंत रंगवून हमी दिली जाते तिथे उपचार नसतो.

विदर्भात आणखी एका आणीबाणीची नोंद हवी, कारण इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. लैंगिक भावना नसताना ताठरता येऊन चार तासांहून जास्त टिकली, दुखू लागली, तर मार लागलेला नसला तरी ती तातडीचीच स्थिती. सिकलसेलमधल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी स्तंभात अडकून रक्त साठते आणि आतली ऊती मरते. शाळकरी मुलातही हे होऊ शकते. आईबापांनी रागावू नये, दवाखाना गाठावा.

शेवटचा आक्षेप असा असतो की या गोष्टी घरात बोलायच्या नसतात. ज्या मराठी समाजात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली, त्या समाजाने शंभर वर्षांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. इजा झाली त्या क्षणी शेजारी बहुधा पत्नीच असते. ती घाबरलेली असते आणि पुष्कळदा दोष स्वतःकडे घेते. दवाखान्यात तिला सोबत न्या, डॉक्टरांशी बोलताना बाहेर बसवू नका, सहा आठवड्यांचा हिशेब तिलाही समजू द्या. घरी कोणी मुलगा, भाऊ, नवरा असे दुखणे लपवतो आहे अशी शंका आली, तर प्रश्न विचारत बसू नका, गाडी काढा. आवाज, कळ, उतरलेली ताठरता आणि निळी सूज यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी युरोसर्जन गाठायचा. तो शस्त्रक्रिया करा म्हणाला तर सही करताना हात थरथरू देऊ नका.